मेरुमण्याच्या आत काय आहे

मित्रांनो, मी एक जुना मणी आहे. पण पुरा नाही, अर्धा. माझा जुळा अर्धा भाग एका बाईंच्या देवघरातल्या चांदीच्या डबीत आहे. मी इथे जर्मनीत, एर्लांगेन गावच्या विद्यापीठात, एका लाकडी कपाटाच्या खणात कापसावर पडून असतो. खण उघडला की मला उजेड दिसतो, बंद झाला की मी माझ्या डोंगराची आठवण काढतो. आज ती तुम्हाला सांगतो.

गुजरातेत भडोच जिल्ह्यात झगडिया नावाचा तालुका आहे. उत्तरेला नर्मदा वाहते, दक्षिणेला राजपिपळ्याचे डोंगर आहेत आणि मध्ये कापसाची, तुरीची काळी शेतं. लहान रुळांची एक आगगाडी अंकलेश्वराहून निघते आणि डुलत डुलत या तालुक्यातून जाते. झगडिया गावात जैनांचं मोठं देऊळ आहे. जवळच गुमानदेवाचा मारुती आहे, तिथे शनिवारी पाय ठेवायला जागा नसते. नदीकाठच्या वाटेनं परिक्रमेला निघालेली माणसं काठ्या टेकत जातात. पुढे राजपारडी स्टेशनावर उतरलं की रतनपूरची टेकडी लागते. वर बाबा घोर यांचा दर्गा आहे. पुष्कळ पूर्वी आफ्रिकेतून आलेले हे बाबा अकीक दगडाचा व्यापार करत, असं तिथले लोक सांगतात. हिंदू, मुसलमान, भिल्ल, सगळेच तिथे नारळ ठेवतात.

मी त्याच टेकडीच्या पोटातला अकीक. पोटात किती काळ होतो ते मला ठाऊक नाही. अंधारात काळ मोजायचा तरी कशानं?

मला बाहेर काढलं सोमीनं. सोमी वसावा ही दगड खणणारी बाई. खोल खड्ड्यात उतरायची, खडीतून दगड निवडायची आणि एक टवका उडवून आत बघायची. मी तेव्हा अगदी मळकट पिवळा होतो, गुळाच्या खड्यासारखा. कुणी ढुंकून बघितलं नसतं. पण त्या दिवशी टेकडीवर एक मुलगी आली होती. तिनं मला उचललं, थुंकी लावून पुसलं आणि सूर्याकडे धरलं.

तिचं नाव सुलेखा. तिचे वडील जंगलखात्यात रेंजर. तेव्हा मुंबई राज्य एकच होतं, म्हणून पुण्याकडचं हे कुटुंब बदली होऊन झगडियात राहत होतं. त्यांच्या शेजारी जमनाबा राहत. जमनाबांचं माहेर खंभातचं. त्यांचा एक नेम होता. परिक्रमेतलं कुणी ना कुणी दारावरून जाई. त्याच्या पानात भाकरी पडल्याशिवाय स्वतः घास घ्यायचा नाही. सुलेखा त्यांच्या मागेमागे असायची आणि प्रश्न विचारून त्यांना भंडावून सोडायची.

"बा, ही माणसं नदी ओलांडत का नाहीत? पलीकडे तर पटकन जाता येईल."

"पटकन जवुं होय तो गाडीमां बेसे," जमनाबा म्हणायच्या. मग हातातली माळ दाखवून समजावायच्या, "जो बेटा, आ मेरू. जप करतां मेरू ओळंगाय नहीं, ने परकम्मामां रेवामाने ओळंगाय नहीं."

मित्रांनो, माळेत एकशे आठ मणी असतात, आणि वर एक जास्तीचा, जरा मोठा. तो मेरुमणी. जप करताना बोट त्याच्यापाशी आलं की तिथूनच माळ फिरवून माघारी वळायचं. त्याला मोजत नाहीत आणि ओलांडतही नाहीत; तसंच परिक्रमेत रेवामाला, म्हणजे नर्मदेला.

सोमीनं मला सुलेखाच्या नावानं वेगळा ठेवला. कच्चे अकीक आधी महिनोन्महिने उन्हात पसरतात आणि अधूनमधून उलटतात. सुलेखा येई तेव्हा मला तीच उलटायची. मग मातीच्या मडक्यात घालून, चरात उपडं ठेवून, वर बकरीच्या लेंड्यांचा विस्तव करतात. त्या धगीनं पिवळा दगड लाल होतो. माझं मडकं सोमीनं संध्याकाळी पेटवलं. दुसऱ्या दिवशी जमनाबा आणि सुलेखा मला न्यायला आल्या, तेव्हा विस्तव अजून धुमसत होता. परतीची गाडी तर शिटी देऊन राजपारडीत शिरत होती. सुलेखा एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती. सोमीनं शेवटी काठीनं मडकं ओढून काढलं आणि मला राखेत घोळवून तिच्या पदरात टाकलं.

मी लाल झालो होतो. सोमीनं मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाली, "उपरथी पाक्यो. अंदरथी कोण जाणे."

हे वाक्य लक्षात ठेवा.

जमनाबांनी मला माहेरी खंभातला नेलं. तिथला कारागीर जमिनीत लोखंडी खुंटी रोवून बसला होता. मला खुंटीच्या टोकाला टेकवून तो म्हशीच्या शिंगाच्या हातोडीनं टिचक्या मारी, आणि माझे कोपरे उडत. मग त्यानं मला सहाणेवर घासलं, कमानीच्या गिरमिटानं दोन्हीकडून भोक पाडलं आणि कुरुंदाची पूड भरलेल्या चामडी पिशवीत घालून दोघांनी ती पिशवी इकडून तिकडे, तिकडून इकडे ओढली. बाहेर आलो तेव्हा मला माझी ओळख पटेना. जमनाबांनी बाजारातून एकशे आठ मणी घेतले, वर मला मेरू म्हणून ओवलं आणि सुलेखाच्या लग्नात तिच्या ओंजळीत माळ ठेवली.

सुलेखाबाईंनी त्या दिवसापासून नेम धरला. सकाळी अंघोळ झाली की माळ पुरी करायची, मगच तोंडात पाणी.

लग्नानंतर काही वर्षांनी मी समुद्र ओलांडला. सुलेखाबाईंचे यजमान दिनकरराव इथे एर्लांगेनला खनिजांचा अभ्यास करायला आले होते. थोड्या महिन्यांनी बाई आल्या, कडेवर लहानग्या लेकीला, कुसुमला घेऊन. इथे हिवाळ्यात सकाळ होता होत नाही. बाई स्वयंपाकघरातल्या कोळशाच्या शेगडीपाशी पाट मांडून बसत, आणि खिडकीबाहेर अंधारात सायकलींच्या घंटा वाजत. माझ्यापाशी आलं की त्यांचं बोट थांबे, माळ फिरे. मी बर्फाळ गावात होतो, पण त्या बोटाची ऊब तीच होती.

दिनकररावांचा विषय काय असावा? अकीक! भाजल्यावर तो लाल का होतो, लाली दगडात किती खोल जाते आणि कुठे थांबते. इतकी वर्षं त्यांनी दुसऱ्या देशांतून आलेल्या दगडांवर काम केलं. पण त्यांचे प्रोफेसर म्हणाले, "तुमच्याकडे ही कला शेकडो वर्षं चालत आलेली. तिथला एक तरी दगड दाखवा, ज्याचा जन्म आणि भाजणं दोन्ही आपल्याला पक्कं ठाऊक आहे." हे प्रोफेसर ईस्टरनंतर निवृत्त होणार होते. त्याआधी प्रबंध झाला नाही, तर दिनकररावांची सगळी वर्षं पाण्यात जाणार होती आणि पदवीवाचून घरी परतावं लागणार होतं.

म्हणून बाईंचे भाऊ श्रीरंग स्वतः रतनपूरला गेले. एकोणीसशे त्रेसष्ट साल असेल. झगडिया आता गुजरात राज्यात गेला होता. डोंगर, नदी आणि आगगाडी मात्र जिथल्या तिथे होती. त्यांनी टेकडीवरचे कच्चे दगड घेतले, भाजलेले घेतले, तुलनेसाठी खंभातच्या बाजारातले चार घेतले. प्रत्येक दगड फडक्यात बांधून आत चिठ्ठी ठेवली. पेटी बोटीवर चढण्याआधी पुण्याला दिनकररावांच्या मातोश्रींकडे थांबली.

पेटी इथे आली, उघडली, आणि दिनकरराव बघतच राहिले. सगळे दगड स्वच्छ. सगळे एकत्र. फटींतून मेतकुटाच्या पुड्या. आणि प्रत्येक दगडावर हळदीकुंकवाचं बोट. सोबत सासूबाईंचं पत्र होतं, ते बाईंनी मोठ्यानं वाचलं.

"चि. दिनकर यास आशीर्वाद. श्रीरंगनं दगड तसेच मातीसकट पाठवले होते. परक्या देशात आपलं काही मळकं जाऊ नये, म्हणून रिठ्याच्या पाण्यात घालून घासून घेतले. चिठ्ठ्या भिजून लगदा झाल्या, त्या टाकल्या. इतक्या लांबच्या प्रवासाला निघालेत, म्हणून प्रत्येकाला हळदकुंकू लावलंय. मेतकूट उन्हात ठेवू नये."

मग दिनकरराव एक दगड हातात घेऊन म्हणाले, "आईनं माझ्या नमुन्यांची ओटी भरली."

"अहो, त्यांना काय ठाऊक," बाई म्हणाल्या.

"मी कुठे रागावलोय? घासलेत मात्र सुरेख. प्रोफेसरांना सांगतो, आमच्याकडे दगड माहेरवाशिणीसारखे पाठवतात." ते हसले, पण त्यांचं हसू गालापर्यंतच गेलं. कुठला दगड कुठल्या मातीतला, आता कोण सांगणार? पुन्हा मागवायला वेळ उरला नव्हता.

त्या संध्याकाळी कुसुम माझ्याशी खेळत होती. ती शाळेत जायला लागली होती. आईबाबांचं मराठी तिला सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं. तिनं मला दिव्याकडे धरून विचारलं, "वास इस्ट दा द्रिन?" म्हणजे, याच्या आत काय आहे?

"मेरू आहे बाळा तो. जपून," बाई म्हणाल्या. आणि पोळ्या लाटता लाटता त्यांनी लेकीला माझी गोष्ट सांगितली. टेकडी, सोमी, धुमसतं मडकं, शिटी देणारी गाडी. "गाडी चुकेल म्हणून अर्धवट भाजलेला काढला हो. सोमी म्हणाली, वरून पिकला, आतून कोण जाणे."

टेबलापाशी बसलेल्या दिनकररावांचा हात थांबला.

"विस्तव असतानाच काढला?"

"हो ना. पदराला भोक पडलं होतं माझ्या."

"आणि तू स्वतः बघितलंस? खड्ड्यातून निघाल्यापासून?"

"मीच तर उलटायची त्याला उन्हात."

ते माझ्याकडे बघू लागले. मला त्यांचं मन वाचता येत नव्हतं, पण एवढं मलाही कळलं. मी मधेच विस्तवातून निघालो होतो. म्हणजे लाली कुठे थांबली, ती रेघ माझ्या आत असली तर असणार होती. आणि साऱ्या जर्मनीत, ज्याचं गाव, खड्डा आणि मडकं ठाऊक आहे असा मी एकटाच होतो. पण ती रेघ बघायला मला कापावं लागणार होतं.

"डान शाउ दोख नाख," कुसुम म्हणाली. मग बघा ना आत.

"नाही," दिनकरराव पटकन म्हणाले. "आईच्या माळेला कोणी हात लावायचा नाही." आणि उठून त्यांनी खिडकी पुसायला घेतली. ती स्वच्छच होती.

नंतरचे काही दिवस तसेच गेले. सकाळी जप चाले तेव्हा दिनकरराव सायकलचा पंप शोधण्याच्या निमित्तानं दारात येत, बाईंकडे बघत, माळेकडे बघत आणि जात. बाईंचं बोट माझ्यापाशी नेहमीपेक्षा जास्त रेंगाळे. मेरू ओलांडायचा नाही, हे त्यांनी लहानपणी ऐकलं होतं. तो कापायचा की नाही, हे कुणी सांगितलंच नव्हतं. शिवाय मला त्यांच्या बोटात आणखी एक गोष्ट जाणवे. त्यांनाही जाणून घ्यायचं होतं. लहानपणी मला सूर्याकडे धरणारी ती मुलगी कुठे गेली नव्हती.

एका सकाळी जप संपवून त्यांनी दोरा सोडवला आणि मला तळहातावर घेऊन टेबलापाशी आल्या.

"घ्या."

"अगं, मी मागितलेलं नाही."

"जमनाबांच्या दारातही कोणी मागत नसे. नुसते येऊन उभे राहत. रोज सकाळी तुमचा पंप हरवतो, ते मला दिसत नाही का?"

दिनकरराव ओशाळले. "आणि तुझा नेम?"

"नेम माळेचा नाही, नामाचा आहे. बोटांच्या पेरांवर करीन. पण एक अट. सासूबाईंनी चिठ्ठ्या टाकल्या, तशी याची चिठ्ठी हरवायची नाही. हा कुठला, ते याच्याजवळ कायम लिहिलेलं पाहिजे. आणि कापायला मी बरोबर येणार."

अकीक कापायला इथे सगळे इडार-ओबरश्टाइन गावाला जातात. कुसुमलाही घेऊन आम्ही गाड्या बदलत गेलो. बाई सकाळच्या गाडीत, डोळे मिटून, अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत जप करत होत्या. समोरची म्हातारी बघत होती आणि न कळताच तिनंही हात जोडले. तिथे ओढ्याकाठी लोरेन्स नावाच्या वृद्ध कारागिराचं घर होतं. आत एक भलामोठा सहाणेचा दगड पाण्याच्या चाकावर फिरत होता, आणि लोरेन्स एका उतरत्या बाकावर चक्क पालथे पडले होते. पाय मागे फळीला रेटलेले, दोन्ही हातांनी दगड चाकाला दाबून धरलेला.

बाई दारातच थांबल्या. "अहो, हे तर साष्टांग नमस्कार घालतायत."

लोरेन्सनी उठून विचारलं, बाई काय म्हणाल्या? दिनकररावांनी सांगितलं. म्हातारा अंग हलवून हसला. "आल्झो! मग हे माझ्या बायकोला सांगा. ती म्हणते, सगळा जन्म लोळून काढला."

मग त्यांनी भिंग लावून मला पाहिलं. माझं भोक पाहिलं, ते दोन्हीकडून पाडल्यामुळे मध्ये किंचित वाकडं आहे. "हातानं केलंय," ते म्हणाले. "कमानीनं. आजोबा सांगायचे, असं काम करणारी माणसं पूर्वेला आहेत." त्यांनी बाईंना विचारलं, कुठे बसून करतात? बाईंनी तिथेच जमिनीवर मांडी घालून, खुंटी कशी रोवतात, शिंगाची हातोडी कशी मारतात, ते हातानं दाखवलं. दोघांची भाषा एक नव्हती. पण लोरेन्स प्रत्येक टिचकीला "गेनाऊ, गेनाऊ" म्हणत होते. अगदी असंच, अगदी असंच.

मित्रांनो, मी घाबरलो होतो. आत काहीच नसलं तर? आरपार नुसता लाल निघालो, तर बाईंची माळ मेरूवाचून राहणार आणि दिनकररावांचं कामही. बाईंनी मला कपाळाला लावलं आणि लोरेन्सच्या हातात दिलं. फिरणारी पातळ पाती माझ्या अंगाला टेकली. गार पाणी, करकर आवाज. मग एकाएकी माझ्यात उजेड शिरला.

लोरेन्सनी दोन्ही अर्धे धुतले आणि पालथ्या मुठीतून टेबलावर ठेवले. सगळ्यांच्या आधी कुसुमच वाकली. इतके दिवस आईला जर्मनमध्ये उत्तरं देणारी ती पोर हळूच म्हणाली,

"आई, आत अजून पिवळा आहे."

होतो. कडेनं डाळिंबी लाल, मग नारिंगी, एक बारीक रेघ, आणि तिच्या आत मी होतो तसाच होतो. गुळाच्या खड्यासारखा, रतनपूरच्या खड्ड्यातला. दिनकररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बाईंनी कुसुमच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही.

निघताना लोरेन्सनी एका डब्यातून करड्या रंगाचा, पांढऱ्या वळ्यांचा खडा काढला. त्यांच्या गावच्या डोंगरातला अकीक. तिथल्या खाणी केव्हाच संपल्या, हा आजोबांच्या वेळचा उरला होता. त्यांनी पालथं पडून त्याचा मणी घडवला आणि बाईंना दिला. "हा मोजायचा नाही ना?" त्यांनी दिनकररावांकडून खात्री करून घेतली. "मग वेगळा दिसला तरी चालेल." त्याला अनोळखी वाटू नये म्हणून की काय, बाईंनी तो माझ्याच दोऱ्यात ओवला.

ईस्टरच्या आधी प्रबंध पुरा झाला. माझा हा अर्धा भाग विद्यापीठानं मागून घेतला, दुसरा बाईंनी जपून ठेवला. तिथल्या एका कारकून बाईंनी चिठ्ठीवर लिहिलं, "अकीक. भारत." सुलेखाबाई फार हळू बोलतात, पण तिथेच उभ्या राहिल्या. "भारत फार मोठा आहे हो," त्या म्हणाल्या. मग दिनकररावांनी जर्मनमध्ये सगळं लिहिलं आणि खाली बाईंनी आपल्या अक्षरात: रतनपूर, तालुका झगडिया, जिल्हा भडोच. खणला आणि भाजला: सोमी वसावा.

आता वर्षं गेली. सुरुवातीला पुष्कळ विद्यार्थी मला बघायला येत. हल्ली खण क्वचित उघडतो. शेजारी सासूबाईंनी घासलेले ते सुंदर दगडही आहेत. त्यांच्या चिठ्ठ्यांवर नुसतं प्रश्नचिन्ह आहे. रात्रंदिवस ते माझ्या चिठ्ठीकडे बघतात, आणि मला त्यांच्यासाठी वाईट वाटतं. त्यांच्यातही माझे भाऊ असतील. पण ते त्यांनाच ठाऊक नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं भांडं, एखादं वस्त्र, एखादा दगड हातात घ्याल, तेव्हा ते स्वच्छ ठेवाच. पण ते कुठलं, कुणाच्या हातचं, हेही विचारून ठेवा. सांगणारी माणसं आहेत तोवर विचारा.

आणि माझं एक काम करा. कधी त्या डुलणाऱ्या आगगाडीनं गेलात, तर राजपारडीला उतरा. टेकडी चढा. खड्ड्यापाशी सोमी असेल, नाहीतर तिची लेक असेल. तिनं एक प्रश्न विचारला होता आणि गाडी चुकेल म्हणून आम्ही तसेच निघून आलो. तिला सांगा, आत बघितलं. अजून पिवळा आहे.